दहा माणसांची टाकी

हुसेन मिस्त्री कुणाच्याही घरी गेले, की आत येण्याआधी दारातल्या चपला मोजायचे. आमच्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांच्या दारातही ते असेच वाकून उभे राहिले. बाबांना वाटलं, यांचं काहीतरी पडलंय.

"काय शोधताय?"

"शोधत नाही साहेब, मोजतोय. मालक एक आकडा सांगतो, चपला दुसराच सांगतात."

बाबांनी कात्रजला प्लॉट घेतला होता. तिकडे तेव्हा ड्रेनेजची लाइन नव्हती, म्हणजे सेप्टिक टँक बांधणं आलं, आणि त्या कामात हुसेन मिस्त्रींचा हात धरणारा कुणी नव्हता. बुटकी मूर्ती, जाड भिंगांचा चष्मा आणि खिशात घडीची फूटपट्टी. टाकीबद्दल ते इतक्या प्रेमाने बोलायचे, की चहा गाळता गाळता आईचा हात थांबायचा.

"वहिनी, वरण थोडा वेळ ठेवलंत की काय होतं? दाट खाली बसतं, पातळ वर येतं. टाकीत तेच. जड ते तळाशी, हलकं ते वर तरंगतं आणि मधलं निवळ पाणी पुढे शोषखड्ड्यात जातं. तळाच्या गाळात किडे असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते बिनपगारी राबतात, तेव्हा उगाच फिनेल ओतून त्यांना मारू नका. आणि पाण्याला दिवसभर निवांत बसू द्या. टाकी लहान पडली की पाणी घाईने निघतं आणि घाण सोबत नेतं."

त्यानंतर आठवडाभर आमच्याकडे वरण झालं नाही.

रविवारी आम्ही सगळे प्लॉटवर गेलो. बाबांनी आधीच चुन्याची फक्की टाकून टाकीची जागा आखून ठेवली होती, पाच फूट बाय अडीच. मागच्या अंगणात त्यांना गुलाब लावायचे होते, त्यामुळे टाकीला वीतभर जागा जास्त देणंही त्यांच्या जिवावर आलं होतं.

"आम्ही चार माणसं. रेशनकार्ड दाखवू?"

"आणि पाहुणे?"

"अहो, सदाशिव पेठेत आमच्याकडे कुणी फिरकत नाही. इथे कात्रजला कोण कडमडायला येतंय?"

मिस्त्री खो-खो हसले. "तिथेच चुकताय साहेब! पेठेतला पाहुणा चहा पिऊन जातो. एवढ्या लांब आलेला माणूस मुक्काम करतो." मग ते आईकडे वळले. "वहिनी, तुमचं कोण येणार?"

 आईचे वडील, आमचे अण्णा, वाईजवळच्या खेड्यात एकटे राहत होते. आजी गेल्यापासून शेजारणीच्या डब्यावर दिवस काढत होते. दोन खोल्यांत त्यांना आणायचं कुठे, म्हणून आईने तो विषय कधी काढलाच नव्हता. आता फक्कीच्या रेघेकडे बघत ती म्हणाली, "अण्णांना आणायचं होतं. कायमचं. मग त्यांना भेटायला माझ्या बहिणीही येतील."

"मग बोलली का नाहीस?" बाबा म्हणाले.

"विचारलंत कधी?"

मिस्त्री एकदम आपली फूटपट्टी पुसायला लागले.  बाबांनी स्वतःच्या बुटाने ती रेघ पुसून टाकली. "मिस्त्री, दहा माणसांची करा."

"सात बाय तीन लागेल. गुलाबांचं काय?"

"कुंडीत लावीन."

त्याच दिवाळीला अण्णा एक ट्रंक घेऊन आले आणि शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिले. मावश्या येत, मुलं ओळीने झोपत, आणि आईला गाणं म्हणता येतं हे आम्हाला त्या घरात कळलं. दर दोन-तीन वर्षांनी मिस्त्री यायचे, झाकण उघडून लांब बांबूने गाळ किती चढलाय ते बघायचे. तो तिसऱ्या हिश्शापर्यंत आला की उपसायचा, हा त्यांचा नियम. मग अण्णांशी तासभर गप्पा. जाताना ठरलेलं वाक्य असायचं, "टाकी झकास आहे! घर भरलेलं दिसतंय." मला तो माणूस फार आवडायचा.

मिस्त्री जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा माझ्या चुलतभावाचा फोन आला. तो गावाबाहेर बंगला बांधतोय, चार माणसांना केवढी टाकी लागते हे त्याला हवं होतं. फोन बाबांनीच घेतला.

"आकडा नंतर सांगतो. आधी बायकोला विचार, तिला कुणाला घरी आणायचंय ते," बाबा म्हणाले. "आणि 'कुणाला नाही' म्हणाली, तर पुन्हा एकदा विचार."