धारेनं गेलो तर तास वाचतो

आमची लष्करी चौकी एका संरक्षित उद्यानातल्या शिखराखाली होती. आधी शिखर समजून घ्या. दक्षिणेला उघडा खडक, उत्तरेला सरळ कडा. मधली अरुंद धार थेट माथ्यावरच्या ठाण्यापर्यंत जाते. वारा धारेवरचा बर्फ उत्तरेकडे ढकलतो आणि तो सज्ज्यासारखा बाहेर वाढतो. वरून सपाट रस्ता दिसतो, खाली काहीच नसतं. म्हणून नियम होता: धारेच्या खालून, दक्षिण उतारानं, दोर बांधून जायचं.

त्या दिवशी सकाळी ६.१० ला आम्ही दोघं ठाण्यासाठी रेडिओच्या बॅटऱ्या घेऊन निघालो. मी हवालदार, तळेगावचा. लान्स नायक मारोती कुमरे कारंज्याकडचा. दुपारनंतर हवा बिघडणार होती. ९.४० ला धारेच्या पायथ्याशी पोहोचलो. मी सेट उचलला.

"साहेब, धारेनं गेलो तर तास वाचतो."

"निगेटिव्ह. दक्षिण उतार," चौकीवरून सुभेदार साहेब म्हणाले.

घासाघीस माझ्या रक्तात आहे. दुपारी येणारे ढग सांगितले, पाठीवरचं वजन सांगितलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "ठीक. जल्दी करो."

मारोती जागचा हलला नाही. "भाऊ, खालूनच जाऊ नं. काऊन घाई करून राह्यले?"

"आपल्या गावाकडं डोंगरावर धारेनंच चालतेत. खाली काटे, वर वाट. चाल."

दोर बांधायलाही मी वेळ दिला नाही. ९.५५ ला तो माझ्या दहा पावलं पुढे होता. फार मोठा आवाज झाला नाही. बर्फ तुटला आणि समोर फक्त आकाश उरलं.

चौकशीत मी सगळं सांगितलं. अहवालात आलं: 'जवानाने नियम मोडला.' माझ्या हुकमाचा उल्लेख नाही, सुभेदारांच्या होकाराचाही नाही. मी अर्ज केले, टेबलं आपटली. शेवटी एका कारकुनानं तोडगा काढला: 'खराब हवामान' लिहितो, सही करा. मी सही केली नाही. त्या वेळी हवा स्वच्छ होती.

इतकी वर्षं कचेऱ्यांशी भांडलो, पण मारोतीच्या बायकोला, इंदूला, खरं सांगायला गेल्या महिन्यात गेलो. ती गहू निवडत होती. मी सांगितलं तसे तिचे हात थांबले.

"तुमी म्हटलं म्हणून ते गेलते?"

"हो."

"मंग लोक मले काऊन म्हणत राह्यले, का ते आयकत नव्हते?"

मी तिला अहवालातली ओळ सांगितली. ती म्हणाली, "तुमीच लिहून टाका, भाऊजी."

लिहितो. लान्स नायक मारोती कुमरे यांनी कोणताही नियम मोडला नाही. हुकूम माझा होता. त्यांनी तो पाळला.