मैदानावरचा भूकंप

तमाम ग्रामस्थांस कळवण्यास अत्यानंद होतो की, आज सकाळी शाळेच्या मैदानावर भूकंप होणार आहे, सहकुटुंब यावे! ही गंभीर घोषणा मीच कर्ण्यावरून केली आणि अख्खं गाव हसत जमलं.

भूकंपात टिकणारं घर कसं बांधायचं ते दाखवायला शहरातून आलेल्या इंजिनिअर मंडळींनी चाकं लावलेल्या मोठ्या गाड्यावर पुरुषभर उंचीची दोन घरं बांधली होती. एक आपल्या नेहमीच्या दगडमातीचं, दुसऱ्याच्या भिंतींभोवती सिमेंट-सळईचे पट्टे फिरवलेले. "लावा पैज, कुठलं पडतंय!" मी ओरडलो. त्यांनी गाड्याला जोरात धक्का दिला. पट्ट्यांचं घर थरथरलं, पण उभं राहिलं. दगडमातीचं एका दमात खाली बसलं. टाळ्या, शिट्ट्या!

माझ्या मनात आलं, भिंतीला भिंतीचा हात धरायला लावायचा, एवढंच तर आहे. इतकं सोपं शहाणपण इतक्या उशिरा का पोचतं?

शेजारच्या अनसूयाकाकू त्यांच्या गावी झालेल्या खऱ्या भूकंपात नवरा आणि लेक गमावून इथे भावाकडे राहायला आलेल्या. धूळ बसायच्या आत त्या गर्दीतून धावत पुढे गेल्या आणि हातांनी दगड उपसू लागल्या.

"अरे, टाळ्या काय वाजवताय? आत कुणी आहे का ते बघा की आधी!"