पार्वती मावशी आणि मी अडवलेली फाइल

पार्वती मावशींना जाऊन आज वर्ष झालं. त्यांच्या मरणात माझा हात आहे.

गावात सगळे म्हणतात, वीज पडली, नशीब. मीही वर्षभर मान हलवत राहिले.

मावशी आमच्या बेंबळीच्याच, आमच्या मागच्या गल्लीतल्या. बारा बायकांची टोळी होती त्यांची. खुरपणी, काढणी, जे काम येईल ते. टोळीच्या मुकादम त्याच. आवाज असा की दोन रानं पलीकडं ऐकू जायचा.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरातूनच करते. विजेचा इशारा लोकांच्या फोनवर पोचवायचं काम.

हवामानवाल्यांकडून एक XML फाइल अपलोड होऊन आमच्या सर्व्हरवर येते. फाइल म्हणजे चौकटी-चौकटींचा फॉर्मच समजा. वीज कुठं पडणार, कधी, लोकांनी काय करायचं. प्रत्येक गोष्टीला आपली चौकट.

माझा प्रोग्राम त्या चौकटी तपासतो. बरोबर असेल तर फाइल पुढं जाते, गावागावात फोन वाजतात आणि उचलला की मराठी सूचना ऐकू येते. चूक असेल तर रिजेक्ट.

मावशींनी एकदा मला दारातच गाठलं होतं.

"व्हय ग पोरी, ह्यो विजेचा फोन खरा असतो का?"

"खरा असतो मावशी. तपासल्याशिवाय पुढं जातच नाही."

"तपासतं कोण?"

"मीच की."

"मंग बरं. आता फोन वाजला की म्या बायांना घिऊन निघते बघ."

मला केवढा अभिमान वाटला होता.

त्याच्या आधी मावशी आभाळ बघून निघायच्या. वारा पडला, गुरं एका जागी गोळा झाली की काम बंद. मालक ओरडला तरी बंद.

मधे एकदा एक गडबड झाली. एका फाइलमधली मराठी सूचनेची चौकट रिकामी आली आणि तशीच पुढं गेली. शेकडो लोकांचे फोन वाजले, उचलले, तर पलीकडं नुसती शांतता. लई तक्रारी आल्या.

मॅनेजर म्हणाले, "रिकामं काहीही पुढं जाता कामा नये."

मी एक नियम वाढवला. मराठी सूचना रिकामी असेल, तर अख्खी फाइल नाकारायची.

दहा मिनिटांचं काम. टेस्ट केलं. पास.

मग आला तो दिवस. सोयाबीनची काढणी चालू होती. सकाळपासून अंगाची काहिली. दुपारी वारा एकदम थांबला. पान हलेना.

मी खिडकीशी कामाला बसले होते. पश्चिमेकडं आभाळ काळं नव्हतं, जांभळं झालं होतं. लांब गडगडलं.

मी स्क्रीन बघितली. सगळं हिरवं. एरर शून्य. इशारा नाही.

म्हटलं, आपल्याकडं नसणार काही. चहा टाकला.

खरं तर फाइल आली होती. त्यात आमचं गाव होतं, वेळ होती, इंग्रजीत सूचनाही होती. फक्त मराठीची चौकट रिकामी होती.

माझ्या प्रोग्रामनं ती नाकारली. नियमाप्रमाणं. आणि फाइल नाकारणं हे तर त्याचं कामच, म्हणून ते एररमध्ये धरलंच जात नव्हतं. रिजेक्ट झाल्याचा मेल गेला, पण ज्या मेलबॉक्समध्ये गेला तो आम्ही रोज सकाळी एकदाच उघडायचो.

रानात काय झालं ते मावशींची लेक रेखा सांगते. ती टोळीतच होती.

"आई, आभाळ लई वंगाळ दिसतंय. निघू या."

"फोन कुठं वाजलाय अजून? तेवढी सोयाबीनची गंज झाकू, मंग जाऊ."

थोड्या वेळानं रेखाच्या हातावरची लव उभी राहिली. डोक्यावरचा पदर आपोआप चरचरायला लागला.

मावशींना कळलं. त्या फोनसाठी थांबल्या नाहीत.

"इळे टाका! हातातलं लोखंड टाका! शाळंकडं पळा समद्या!"

अकरा बायका शाळेत पोचल्या. मावशी सगळ्यांत मागं होत्या, एकेकीला पुढं ढकलत. बांधापर्यंतच आल्या.

रेखा म्हणाली, "ताई, फोन हातातच व्हता तिच्या. सारखी बघत व्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेलबॉक्स उघडला. रिजेक्टेड, एक.

मागच्या गल्लीत मावशींच्या अंगणात मयतीची माणसं बसलेली. त्यांचा आवाज माझ्या खोलीत येत होता.

मॅनेजर फोनवर म्हणाले, "प्रोसेसचा इश्यू आहे. तुझी चूक नाही." हे वाक्य मी वर्षभर उशाला घेऊन झोपले.

नियम त्याच आठवड्यात बदलला. आता सूचना रिकामी आली तर ठरलेलं मराठी वाक्य घातलं जातं आणि इशारा जातोच. इशाऱ्याची कुठलीही फाइल अडली, तर माझा फोन वाजतो, मी उचलेपर्यंत.

पण गावात हे कुणाला सांगितलं नव्हतं. आज सकाळी रेखाकडं गेले. टोळी आता तीच चालवते. ती वर्षश्राद्धाचे तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. नियम, चौकट, मेल, सगळं.

तिचा हात सुपातच थांबला.

"म्हंजे फाइल आली व्हती?"

"व्हय."

"किती आधी?"

"चाळीस मिनिटं."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"शाळा दहा मिनटांवर हाय, ताई."

मी उठले, तर मागून म्हणाली, "लिवा हे. समद्यांना कळू द्या. आईचं नाव घालून लिवा."

म्हणून लिहिलं.

पार्वती मावशी, अकरा जणींना तुम्ही घरी पोचवलंत. तुम्हाला मी पोचू दिलं नाही.

माफी मागायचा हक्क नाही मला. पाया पडते.