बांधलेलं गाव आणि माझा लसीचा डबा

मागच्या महिन्यात मी एटापल्लीच्या पुढच्या एका गावात अडकले... तेही मुद्दाम.

मी जनावरांना लसी टोचते. घर आलापल्लीत, नोकरी सरकारी, आणि स्वभाव हट्टी. अब्बू म्हणतात, ही पोरगी जनावरांच्या खात्यात लागली नाही, आपल्या माणसांत गेली.

तर हे गाव जंगलातलं, मोजक्या घरांचं. इथे गाईचं दूध काढत नाहीत... दूध वासराचं, त्याच्या तोंडचं कशाला हिसकायचं, असा सरळ हिशेब. ऐकायला फार गोड वाटतं. पण जिच्या अंगाला कधी माणसाचा हात लागला नाही, त्या गाईच्या मानेत सुई कशी टोचायची ते कोणी सांगावं मला!

दोनदा गेले. पहिल्यांदा कळप रानात निघून गेलेला. दुसऱ्यांदा पहाटेच गाठला, कामाचे बैल टोचून झाले, आणि मग एका गाईने आमच्या गजूभाऊंना दोरासकट कुंपणातून ओढत नेलं. गजूभाऊ म्हणजे माझ्या सोबतचे परिचर. तेवढ्यात बाकीचा कळप पसार. ऑफिसात आठवडाभर हसले सगळे... हसा म्हटलं, मी पुन्हा जाणार.

कारण नाल्याच्या पलीकडच्या गावात घटसर्प सुरू झाला होता. सकाळी चरणाऱ्या जनावराचा गळा सुजतो, घरघर लागते, आणि पुष्कळदा ते संध्याकाळ बघत नाही. दोन्ही गावांची गुरं त्याच नाल्यावर पाणी पितात.

अशात बाजारात त्या गावची सुकमीबाई भेटली. एकटी बाई. तिची जुनी बैलजोडी गेल्या पावसाळ्यात याच रोगाने गेली. आता उरलेत दोन गोऱ्हे, यंदा पहिल्यांदा नांगराला जुंपायचे... आणि तेही त्या पळालेल्या कळपातच होते. हे गेले की तिचं शेत पडीक, दुसरा मार्ग नाही.

ती मला सांगायला आली होती की मंगळवारी येऊ नको, आमी गाव बांधून राह्यलो. रोगराई शिरू नये म्हणून गावचा पुजारी, ज्याला तिकडे भूमिया म्हणतात, तो शिवेवर दोरा बांधतो. एक दिवस, एक रात्र कोणी आत येत नाही, कोणी बाहेर जात नाही. माणूस नाही की जनावर नाही.

जनावरही नाही?... डोक्यात ट्यूब पेटली. म्हणजे अख्खा कळप दिवसभर घरी!

सोमवारी संध्याकाळीच बर्फ भरलेला लसीचा डबा घेऊन आम्ही गावात शिरलो. गजूभाऊ वाटभर पुटपुटत होते, "आ बैल मुझे मार." मी ऐकलंच नाही.

मंगळवारी सकाळी दोरा बांधला गेला, शीव बंद झाली. मी मोठ्या थाटात सिरिंज काढली... आणि भूमिया लालसूदादांनी हात आडवा धरला. गाव बांधलं असताना लोखंड कुणाच्या अंगाला लावायचं नाही. कुऱ्हाड नाही, विळा नाही. आणि सुई लोखंडाचीच.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. समोर कळप, हातात लस, टोचता येत नाही... आणि बाहेरही जाता येत नाही! वर बर्फ वितळतोय. मी चिडले, खरं सांगते, फार चिडले. पलीकडच्या गावात मेलेल्या जनावरांची नावं घेऊन बोलले. लालसूदादांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले,

"उद्या उजाडलं का दोरा सुटते, मग लोखंड चालते. ढोरं या वाटेनंच निघतेत. एक-एक."

मी त्या वाटेकडे नीट पाहिलं. दोन्ही बाजूंनी बांबूचं कुंपण, मध्ये जेमतेम एका गाईपुरती जागा. गाव सुटताना प्रत्येक जनावराला तिथे थांबवून कपाळाला हळद लावायची, मगच रानात सोडायचं, अशी रीत. अहो, आम्ही ज्याला जनावर अडकवायचा खोडा म्हणतो, तो या गावात आधीच बांधून तयार होता!

आता फक्त बर्फ टिकवायचा होता. सुकमीबाईने डबा तिच्या घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, पाण्याच्या मडक्यांच्या मध्ये ठेवला आणि वरून ओलं पोतं टाकलं. मी दिवसभर ते पोतं भिजवत बसले. बायका येऊन बघायच्या आणि हसायच्या... बाळंतिणीची एवढी काळजी कोणी घेत नाही म्हणे.

बुधवारी उजाडताच डबा उघडला. बर्फ अजून खडखडत होता, आतला थर्मामीटरही ठीक. जीव भांड्यात पडला. दोरा सुटला, पहिली आली लालसूदादांचीच गाय. त्यांनी हळद लावली, मी कुंपणाच्या फटीतून सुई. ती फुरफुरली, पण पुढे गेली... मग तिच्यामागून दुसरी, तिसरी.

दोन वासरं कुंपणावरून उडी मारून पळाली, ती राहिली. सुकमीबाईचे गोऱ्हे शेवटी आले, मस्तवाल नुसते. तिने एकेकाच्या कपाळाला हळद लावली, मी सुई टोचली.

काल बाजारात सुकमीबाई पुन्हा भेटली. गोऱ्हे नांगराला लागलेत, वाकडे चालतात, शिव्या खातात. नाल्याच्या अलीकडे अजून एकही जनावर पडलं नाही. आणि लालसूदादांचा निरोप होता.

"पुढल्या साली लस कधी येते ते पयलेच सांग मने. त्याच्या आदल्या दिवशी गाव बांधू."

भर बाजारात डोळे भरून आले माझे. तीन खेपा घालून मी त्या गावात लस पोचवली असं मला वाटत होतं... त्यांनी तर मला त्यांच्या रितीतच जागा दिली.