जऊळक्याचा रूळ आणि आमच्या अंगणातला सडा

आलेला माल: चंदेरी पूड एक डबा, सहाशे ऐंशी. लाल पूड एक पुडा, एकशे नव्वद. कुरिअर एकशे वीस. एकूण नऊशे नव्वद, रोख दिले. मागच्या आठवड्यात आमच्या मेडशीहून जऊळक्याचा माझा प्रवास घडला तो या मालापायी.

माल माझ्या धाकट्या दिरांचा. भावजी सोयाबीनच्या दिवसांत मळणी यंत्र भाड्यानं फिरवतात. ऐन हंगामात यंत्राचा शाफ्ट तडकला. गावात वेल्डिंगवाला आहे, पण दिवसा लाइन नसते आणि त्याच्याकडं आधीच रांग. भावजींनी मोबाइलवर पाहिलं, की रेल्वेवाले दोन पुडी एकत्र करून रूळ जोडतात, वीज लागत नाही, लोखंडाचं पाणी होतं. झालं. शुक्रवारी चारचा मुहूर्त धरला. मला म्हणाले, "वहिनी, अंगण सारवून ठेवा. नारळ तुमच्याच हातचा." आमच्या घरी कोणतंही नवं काम माझ्या हातच्या नारळाशिवाय सुरू होत नाही, सासूबाई गेल्यापासून हा मान माझा.

शुक्रवारी सकाळी मी सडा टाकला, सारवलं, डबा न् पुडा तुळशीपाशी ठेवून हळदकुंकू वाहिलं. कुंकू लावताना डब्यावरचं ज्वाळेचं चित्र दिसलं आणि कुणा जाणत्याला विचारावंसं वाटलं. हे सोयाबीन विकायला वाशीमला गेलेले. माझ्या माहेरी, धनजला, शेजारचे अशोकदादा रेल्वेत हेच रूळ जोडायचं काम करतात, त्यांची टोळी या महिन्यात जऊळक्याला होती. फोन लावला तर बंद. मग भावजींना सांगितलं, मावशीला बरं नाही, चारच्या आत येते. खोटं बोलले, देवीची माफी मागितली आणि नऊची एस.टी. धरली.

कोणाला जायचं असेल तर सांगते. बायकांना अर्धं तिकीट आहे, सुटे पैसे जवळ ठेवावे. मालेगावला उतरून जऊळक्याला काळीपिवळी मिळते, पण भरल्याशिवाय हलत नाही. माझा पाऊण तास त्यात गेला. भाकरी-ठेचा घरून न्यावा. स्टँडवरच्या भज्यांचं तेल पाहिलं, नाही घेतली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीनचे ढीग, तूर हिरवीगार. एरवी डोळे भरून पाहिलं असतं. शेजारच्या बाईनं विचारलंच, "काहून वं बाई, जप करून राह्यली का झगडा?" इतकी मी पुटपुटत होते.

स्टेशनापासून थोडं पुढं टोळी काम करत होती. लाल झेंडीवाल्यानं मला लांबच अडवलं. हातातली पाण्याची बाटली पाहून म्हणाला, मावशी, बाटली घेऊन एक पाऊल पुढं यायचं नाही. मला वाटलं, पाण्याचं काय एवढं? लिंबाखाली बसले. दोन रुळांच्या फटीभोवती साचा बसवला होता, वर भांडं. दादांनी काळा चष्मा लावला, सगळे मागं सरले. मग असा उजेड झाला, की भर उन्हात माझी सावली मागच्या झाडावर पडली. मिनिटसुद्धा नसेल. लोखंड साच्यात उतरलं न् भांडं रिकामं.

दादा घाम पुसत आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. लाल पूड म्हणजे लोखंडाचा गंज, चंदेरी म्हणजे ॲल्युमिनियम. गंजातला प्राणवायू ॲल्युमिनियम हिसकून घेतं आणि त्या हिसकाहिसकीत अडीच हजार अंशांची धग निघते. एकदा पेटलं की पाण्यानं विझत नाही, उलट उसळतं. पुडीला ओल लागली तर रेल्वे ती पुडी बादच करते. दादांना शिकून, परीक्षा देऊन कागद मिळालाय, तोही ठरावीक वर्षांनी नवा करावा लागतो. कायद्याचं कलम त्यांना सांगता आलं नाही, पण एक एक पूड रंगवाला विकतो म्हणून दोन्ही एकत्र करून घरी पेटवायची मुभा मिळत नाही, काही झालं तर पोलीस सरळ घेऊन जातील, एवढं ते ठाम म्हणाले.

"जमीन ओली असली तं?" मी विचारलं.

"कढईतल्या तेलात पाण्याचा थेंब पडल्यावर काय होते? इथं तेलाच्या जागी लोखंड हाय, सुमन."

मी म्हटलं, "दादा, मी तं सकाळीच सडा टाकून आली."

त्यांनी घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता.

भावजी फोन उचलेनात. शेजारच्या शैलाबाईंना लावला, म्हटलं दोन्हीतलं एक काहीतरी उचलून तुमच्या घरात कोरड्यात ठेवा. त्या म्हणाल्या, तुमचे दीर तिथंच बसले हायत, कशी उचलू? येतानाची एस.टी. कुठं थांबली, कोण चढलं, मला काही सांगता येणार नाही. जपाची माळ तेवढी हातात होती.

घरी पोचायला चार वाजून वीस मिनिटं झाली. भावजी अंगणात, पुढ्यात शाफ्ट, मांडीवर नारळ. पुड्या तशाच, माझं कुंकूही हललेलं नाही. "मुहूर्त गेला न् वहिनी, तुमच्या मावशीपायी," म्हणाले. मी आधी डबा उचलून कोठीत नेला, मगच खरं काय ते सांगितलं. भडकले. रेल्वेवाले करतात, मंग आपण काहून नाही? मी दादांना फोन लावला, आता लागला, आवाज मोठा केला.

दादा एवढंच बोलले, "भाऊ, अंगण ओलं हाय म्हणते. नारळ घेऊन तुही वहिनी कुठं उभी राह्यली असती?"

भावजींनी खाली, सारवलेल्या जमिनीकडं पाहिलं. नारळ माझ्या हातात दिला आणि शाफ्ट खांद्यावर टाकून मालेगावच्या लेथवाल्याकडं निघाले. हंगामाचे तीन दिवस गेले.

सडा मी रोज टाकते. हात एकदा थबकतो, मग टाकते.

राहिला तो माल. दादांनी बजावलंय, की विहिरीत, चुलीत, भंगारात, कुठंच टाकायचा नाही. म्हणून डबा आमच्या कोठीत आणि पुडा शैलाबाईंकडं. बिलावरच्या पत्त्यावर विक्रेत्याला कार्ड टाकलंय, ते इथंही उतरवते, तुमच्या घरी असं पार्सल आलं तर उपयोगी पडेल:

"आपला माल न फोडता ठेवला आहे. ज्वालाग्राही असल्यानं टपालानं परत पाठवता येत नाही, असं पोस्टमास्तर म्हणाले. पैसे परत नकोत. नेण्यासाठी जाणता माणूस कधी पाठवता, ते उलट टपाली कळवावे."