बाराव्या फोटोची विहीर

पुण्याहून निघालो तेव्हा माझ्या पिशवीत बॉक्स कॅमेरा होता, बारा फोटोंचा एक रोल होता आणि बारा कविता होत्या. आधी कविता आणि मागाहून फोटो, ही माझी पद्धत. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेल्यामुळे प्रवासात ऐनवेळी मला काही सुचेल यावर माझा विश्वास नाही. दर उन्हाळ्यात एक जिल्हा निवडायचा, वाचनालयात बसून त्याचा इतिहास उतरवायचा, चार-चार ओळी रचायच्या आणि मग त्यांना शोभतील असे फोटो काढायला निघायचं. परतल्यावर अल्बमात डाव्या पानावर फोटो, उजव्या पानावर इतिहास आणि त्याखाली कविता. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नव्या राज्याचा वऱ्हाडाकडचा भाग पाहावा म्हणून त्या वैशाखात मी बुलढाणा जिल्हा धरला.

लोणारला सरोवराच्या काठापर्यंत उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. माझ्या कवितेत पाणी निळं होतं. प्रत्यक्षात ते हिरवं निघालं, खारं निघालं आणि त्याला वासही होता. ‘निळे’च्या जागी ‘हिरवे’ घातलं तर वृत्त मोडत होतं. फोटो काळा-पांढराच येणार, तेव्हा पाणी निळंच ठेवलं. तिथे चार फोटो गेले. सिंदखेडराजाला राजवाड्याच्या दरवाजापुढे चार गेले, देऊळगाव राजाला बालाजीच्या देवळापाशी तीन. तिथून बुलढाणा आणि घाट उतरून मोताळा.

उरला एक फोटो. तो घाटातल्या सूर्यास्तासाठी राखून ठेवला होता. येताना एस.टी.च्या खिडकीतून जागाही हेरून ठेवली होती. घाटावरची कविता बारांतली सर्वांत चांगली साधली होती, हे मी सांगणं बरं नव्हे, पण साधली होती.

मोताळ्याला त्या दिवशी आठवडी बाजार होता. वांग्यांच्या ढिगामागे बसलेला एक माणूस माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बराच वेळ पाहत होता. वय पन्नाशीचं, नाव किसन.

“फोटो काढता काय हो भाऊ?”

“काढतो.”

“माणसायचेच काढता, का दुसऱ्या कशाचेई?”

“देवळं, वाडे, तळी.”

“मंग आमच्या विहिरीचा काढून द्या नं. गाव उठून राह्यलं आमचं. धरणात चाललं.”

एकच फोटो उरलाय, असं मी सांगितलं. “आमाले एकच पाह्यजे,” तो म्हणाला. सरळ नाही म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही. ‘बघू’ म्हणालो आणि त्याच्या बंडीत (बैलगाडीत) बसलो. घाटात पोचायला संध्याकाळपर्यंत वेळ होता, आणि घरी भरीत आहे असं तो म्हणाला होता.

गावातली निम्मी घरं उतरवून झाली होती. नुसत्या भिंती राहिल्या होत्या. दारं, वासे, पत्रे बंड्यांवर चढले होते. किसनची बायको सरूबाई पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळक्या झाडांच्या) जाळावर वांगी भाजत होती. भाकरी, भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं, तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतला.

जेवताना तिनं विहिरीचा इतिहास सांगितला. तो कोणत्याही वाचनालयात नव्हता. तीन उन्हाळे दोघं खोदत होती. तो सब्बलीनं खडक फोडायचा, ती टोपलीनं वर काढायची. दोन उन्हाळे कोरडे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात तो तापानं पडला, तेव्हा सब्बल घेऊन तीच खाली उतरली आणि दोर त्यानं तापातच वरून धरला.

“पयलं पाणी मीच पेली,” ती किसनकडे बोट दाखवत म्हणाली. “यायच्या आधी.”

“हे ती समद्यायले सांगते,” किसन म्हणाला.

मग विहिरीपाशी दोघांचं जुंपलं. बायको कठड्याशी उभी राहावी आणि मागे विहीर यावी, असं किसनचं म्हणणं.

“अवं, उभी राह्य नं! तुयाशिवाय कोनाची विहीर आहे ते?”

“मी काऊन उभी राहू? मी तं सोबतच चालली. विहीर नाई येत.”

खिशातली घाटाची कविता मी खिशातच राहू दिली.

“काढतो,” मी म्हणालो.

“बारा वाजू द्या,” सरूबाई म्हणाली. “ऊन आत उतरते तवाच पाणी दिसते. पाणी नाई आलं तं तो गड्डाच. गड्ड्याचा फोटो काय कामाचा?”

भर वैशाखात आम्ही तिघं कडुनिंबाखाली ऊन डोक्यावर यायची वाट पाहत बसलो. विहीर चाळीस हात खोल. आत पाहायचं तर कठड्यावरून अर्धं अंग बाहेर काढावं लागणार होतं. किसननं मोटेचा दोर माझ्या कमरेला बांधला आणि मागे पाय रोवून उभा राहिला. समोरच्या कठड्यावर सरूबाई ओणवी होऊन आत पाहत होती.

“आलं!” ती ओरडली. खाली काळ्या खडकांच्या मधे पाणी लखकन उजळलं. मी खटका दाबला.

संध्याकाळी एस.टी. घाट चढली तेव्हा सूर्यास्त अगदी माझ्या कवितेबरहुकूम झाला. मी तो नुसता पाहिला.

पुण्यात रोल धुऊन आणला. बाराव्या फोटोत पाणी आलं होतं, आणि त्या पाण्यात दोन काळी डोकी. एक माझं, कॅमेऱ्यासकट. दुसरं पदर घेतलेलं. माझ्या कमरेचा दोर कोपऱ्यातून वर गेलेला दिसत होता. फोटो खराब झाला, तिला नको होतं तेच झालं, असं वाटून मी तो आठवडाभर पाठवलाच नाही. मग पाठवला.

पावसाळ्यानंतर नव्या गावठाणातून पोस्टकार्ड आलं. अक्षर तिथल्या मास्तरांचं, बोलणं सरूबाईचं. माझ्या अल्बमच्या शेवटच्या उजव्या पानावर इतिहास नाही, कविता नाही, ते कार्ड चिकटवलेलं आहे. अकरा पानं भराभर उलटणारे मित्र तिथे थांबतात. मी त्यात एकही दुरुस्ती केलेली नाही:

“फोटो पोचला. पाणी दिसते. मी बी आली त्यात, त्याले इलाज नाई. हे रोज म्हणतात का दोर म्या धरला होता अन् माहाच फोटो नाई. म्या सांगतलं, खोदतानी बी मी खाली होती तवा दोर तुमच्याच हाती होता. इथं नळाचं पाणी आहे. पेतो.”