बुरुजावरच्या दिव्याला शेंगतेल

घाण्यावरचं ताजं शेंगतेल बरणीत ओतताना वास आला, की अजून मला कोकणातला तो बुरूज आठवतो. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते आणि आम्ही कोकण बघायला निघणार होतो. नवरा म्हणाला, "तिथल्या किल्ल्याच्या तोफांच्या बुरुजावर आता मोठा दिवा हाय, गलबतांना वाट दावतोय." झालं! सासूबाईंनी डी.एड. पुरं करू द्यावं म्हणून मी त्या दिव्याला तेलाचा नवस बोलले. आपल्याकडं देवळापुढच्या दीपमाळेला घालतात तसंच, एवढी माझी अक्कल! पदराखाली घरच्या शेंगतेलाची बाटली लपवून अरुंद दगडी पायऱ्या चढले आणि म्हाताऱ्या रखवालदाराला विचारलं, "पावणं, तेल कुठं घालायचं?" तो म्हणाला, "वैनी, दिवो इजेवर चलता." नवरा हसत भिंतीला टेकला, "अगं, बटणात वत की!" माझे डोळे भरले, वाटलं, नवस बुडाला, शिक्षणही बुडालं. रखवालदारानं बाटली घेतली आणि खाऱ्या वाऱ्यानं गंजलेल्या दाराच्या बिजागऱ्यांवर तेल सोडलं. करकरणारं दार गप्प उघडलं. पलीकडं नुसता समुद्र. "पोचलो तुमचो नवस," तो म्हणाला. महिन्याभरात सासूबाईंनी खरंच होकार दिला. पुढं तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. विजेच्या धड्याला मात्र तेलाचा विषय कधी निघू दिला नाही.